दुसरीच्या ताटातलं

जाता जाता नकाशेवाली म्हणाली, “मॅडम, ते ताटलीचं आधी तुम्हीच म्हणालात, नाही का?” आणि चपला पायात सरकवून ती जिना उतरूनही गेली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, संशय नव्हता, उलट कौतुकच होतं. डॉक्टरने नुसता हात धरून आजार ओळखावा आणि पेशंटने घरी जाऊन चार जणांना सांगावं, तसलं कौतुक. मॅडम दारातच उभ्या राहिल्या. जाता जाता बोललं जातं तेच खरं, हे त्या स्वतः नव्या पोरापोरींना शिकवत आल्या होत्या. तासभर पेशंट बोलतो ती प्रस्तावना आणि दाराच्या कडीवर हात ठेवून बोलतो ते पुस्तक, हे त्यांचं वाक्य मनाच्या डॉक्टरांच्या वर्तुळात गाजलेलं होतं. दुसऱ्याला लावायला फार सोपं वाक्य. आज ते स्वतःच्याच अंगावर आलं, आणि पहिल्यांदा काय झालं असेल तर तोंडात पाणी सुटलं. भुकेचं नव्हे. ओकारीच्या आधी जिभेखाली जमतं ते, कोमट, किंचित खारट. त्या आत गेल्या, खुर्चीत बसल्या आणि नुसत्या गिळत राहिल्या.

नकाशेवाली हे काही तिचं नाव नव्हे. या धंद्यात पेशंटचं नाव खोलीबाहेर न्यायचं नसतं, म्हणून प्रत्येकाला असं एकेक टोपणनाव पडतं आणि मग मनातही तेच राहतं. ही नगरपालिकेत सांडपाण्याच्या नळांचे नकाशे काढायची. कुठल्या रस्त्याखालून कुणाचं काय वाहतं हे तिला तोंडपाठ, पण चार माणसांत बसून एक घास घशाखाली उतरायचा नाही. दुपारी कचेरीत सगळ्यांचे डबे उघडले की ही फायली उचलून तळघरात पळायची. कुणी जेवायला बोलावलं की हिच्या पोटात दुखायचं. चाळिशी उलटली तरी हे चाललेलं, म्हणून ती आली. आली तेव्हा आईबद्दल तिची काही तक्रार नव्हती. आई विधवा, म्हातारी, एकटी राहणारी, कानाने कमी. भाऊ म्हणत होता, आता तिला एकटं ठेवायचं नाही, तू घेऊन जा, नाहीतर मी वृद्धाश्रमात नाव घालतो. नकाशेवाली आईला घेणारच होती. त्यासाठी मागची खोली रंगवूनसुद्धा झाली होती. आणि मग ती ताटली मध्ये आली. आता येत्या रविवारी भाऊ येणार होता, आई येणार होती, आणि नकाशेवाली दोघांच्या तोंडावर सांगणार होती की या बाईने मला काय खायला घातलं ते ऐका आणि मग हिला कुठे ठेवायचं ते ठरवा. तिने मॅडमसमोर त्या बोलण्याची तालीमही केली होती. मॅडम म्हणाल्या होत्या, छान, तुमचा आवाज तुम्हाला सापडतोय. काय पण शब्द.

ताटली आली कशी, ते मॅडमना आता आठवून बघायचं होतं, आणि आठवायचंही नव्हतं. दुपार होती. खालच्या धुलाईच्या दुकानातून गरम इस्त्रीचा वास वर येत होता. नकाशेवाली भिंतीकडे बघत म्हणाली, “आई समोर बसायची. संपव म्हणायची.” बस, एवढंच. सगळ्याच आया म्हणतात. पण मॅडमच्या डोळ्यांसमोर एकदम एक ताटली उभी राहिली. एनॅमलची, पांढरी, निळ्या काठाची, एका जागी टवका उडून आतला काळा पत्रा दिसणारी. तिच्यात उकडलेला भोपळा, आणि त्या भोपळ्यावर पुन्हा तोच भोपळा, पण एकदा पोटात जाऊन आलेला, पातळ, चकाकणारा. त्याची आंबट वाफसुद्धा नाकाला लागली. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, दुपारचं काहीतरी बाधलंय. पण मॅडम शिकलेल्या. थोरल्या सरांच्या हाताखाली घडलेल्या. थोरले सर म्हणजे त्या शहरातल्या सगळ्या मनाच्या डॉक्टरांचे गुरू, आणि त्यांचं पहिलं सांगणं हे, की त्या खोलीत तुमच्या मनात जे येतं ते तुमचं समजू नका. पेशंटला जे सोसत नाही ते तो तुमच्याकडे ठेवायला देतो. ते आपण थोडं चावायचं, मऊ करायचं आणि त्याला परत भरवायचं. चावायचं, मऊ करायचं, भरवायचं. इतकी वर्षं हे ऐकून मॅडमना कधी शिसारी आली नव्हती, उलट त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं.

तर मॅडमनी भरवलं. आपल्या त्या खालच्या, सावकाश आवाजात त्या म्हणाल्या, “घाई नाही आपल्याला. माझ्या मनात एक चित्र येतंय, बघा तुमचं आहे का. एक लहान मुलगी आहे, आणि तिला कुणीतरी ओकलेलं परत खायला लावतंय.” नकाशेवालीच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. ती नाही म्हणाली नाही, पण हो तरी कुठे म्हणाली होती? रडली, एवढंच. आणि असं चित्र कुणी तुमच्यापुढे ठेवलं तर रडणार नाही तो माणूस कसला? पण मॅडमच्या लेखी रडू म्हणजे शिक्कामोर्तब. पुढच्या खेपेला नकाशेवाली स्वतःहून म्हणाली की आमच्याकडेही एनॅमलच्या ताटल्या होत्या. कुणाकडे नव्हत्या? त्याच्या पुढच्या खेपेला आईच्या अंगावरचे कपडे आठवले, मग खिडकीतलं ऊन, मग आईचा नाक दाबणारा हात. एका बोटाला हळद लागलेली होती म्हणे. आणि खरोखरच ती सुधारू लागली. कचेरीत एका मैत्रिणीसमोर अर्धी पोळी खाल्ली, असं सांगून ती लहान पोरीसारखी हसली.

दर गुरुवारी सरांकडे सगळे जमत आणि एकेक जण आपला पेशंट मांडत असे. मागे एकदा मॅडमनी नकाशेवाली मांडली. टेबलावर चहा होता, बिस्किटं होती. ओकलेल्या भोपळ्यापर्यंत गोष्ट आली तेव्हाही कुणाचा हात बिस्किटावरून मागे आला नाही, हे मॅडमना त्या वेळी व्यावसायिकपणाचं लक्षण वाटलं होतं. एकीने चहात बुडवलेलं बिस्किट मऊ पडून कपात गळालं, ते तिने चमच्याने काढून खाल्लं आणि विचारलं, “मुलगी त्या वेळी कुठे गेली होती मनाने?” मॅडम एका क्षणात म्हणाल्या, “कपाटावर. कपाटावर बसून खाली जेवणाऱ्या मुलीकडे बघत होती.” सरांनी डोळे मिटले. “सुंदर,” ते म्हणाले. “आघात झाला की मन असंच दोन खोल्यांत राहायला लागतं. आणि मधलं दार कुठे होतं तेच विसरतं.” सगळ्यांनी माना डोलावल्या. कपाटाचं नकाशेवालीने कधी सांगितलं, हे कुणी विचारलं नाही. तिने ते कधीच सांगितलं नव्हतं. आज, खुर्चीत बसून गिळता गिळता, मॅडमना हे लख्ख कळलं, आणि त्यांना त्या खोलीचीच किळस यायला लागली. कोचाच्या उशीवर किती डोकी टेकून गेली होती, तिच्यावर तेलाचा पिवळट डाग पडला होता. टोपलीत नाक पुसलेल्या कागदांचे बोळे, कुणाचं कुठलं कळू नये असे एकमेकांत चिकटलेले. पाण्याच्या पेल्याच्या काठावर नकाशेवालीच्या ओठांची पुसट खूण. हे सगळं आपण रोज बघतो आणि वर याला पवित्र जागा म्हणतो, मॅडमना वाटलं. त्यांनी पेला बोटाच्या चिमटीत धरून नेला आणि बेसिनमध्ये कितीतरी वेळ घासला.

घरी नवऱ्याने पानं मांडली होती. मॅडमनी आपलं ताट उचललं आणि नेहमीसारख्या ओट्याशी उभ्या राहून खाऊ लागल्या. “बस की जरा,” नवरा म्हणाला. “घोडासुद्धा कधीमधी बसतो.” हा विनोद लग्नाइतकाच जुना होता. मॅडम कधी टेबलाशी बसून जेवल्या नव्हत्या. वेळ नसतो, पाठ दुखते, उभ्याने पचतं चांगलं, अशी कारणं होती आणि ती सगळ्यांना पटलेली होती. मुळात ती मॅडमनाही पटलेली होती. लोकांच्या एकेका सवयीमागचं सात पिढ्यांचं गाठोडं सोडून दाखवणारी ही बाई, आपलं ताट घेऊन ओट्याशी का उभी राहते, हे तिने स्वतःला एकदाही विचारू नये? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय. नवरा वरण ओरपत होता. ओठ, हनुवटी, चमचा, पुन्हा ओठ. मॅडमनी तोंड फिरवलं. घास तोंडात होता तो तसाच टोपलीत थुंकला आणि ताईला फोन लावला.

ताई, मोठी बहीण, शेंगा सोलत होती. फोनमधून टचटच आवाज येत होता. “काय गं गुणी, आज कशी आठवण झाली?” ती म्हणाली. घरात मॅडमना गुणी म्हणत. मॅडमनी आडवळण घेतलं नाही, घेता येईल एवढा धीरच नव्हता. “ताई, बाबा मला ओकलेलं परत खायला लावायचे का?” टचटच थांबली नाही. “लावायचे म्हणजे काय, दोनतीनदा झालं असेल,” ताई म्हणाली. “भोपळ्याचं तुझं नेहमीचंच होतं. ताटात टाकलेलं त्यांना चालायचं नाही, तुला माहीत आहे. लहानपणी उपाशी राहिलेला माणूस. पण मारलं का कधी? हात लावला का? समोर खुर्ची घेऊन बसायचे बिचारे. म्हणायचे, संपव गं राणी, आपल्याला काही घाई नाही. तासन्‌तास बसायचे. एवढा धीर असतो का कुणाला?” शेंगांची टचटच चालूच होती. “आणि तूही संपवायचीस की,” ताई पुढे म्हणाली. “हसत हसत. आम्ही बघायचो ना दारातून. मला वाटायचं, हिला कसं जमतं. म्हणून तर बाबांनी तुझं नाव गुणी पाडलं. मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.” आई कुठे होती, मॅडमनी विचारलं. “आई भांडी घासत होती. आई कुठे असायची दुसरीकडे? का गं, आता काय त्याचं? गेले ना बाबा. देवमाणूस होता.”

देवमाणूस. ते गेले तेव्हा मॅडम हेच बोलल्या होत्या, सगळ्यांसमोर, न रडता, सुरेख शब्दांत. हा धंदा शिकताना आधी आपलं स्वतःचं मन दुसऱ्यापुढे उलगडावं लागतं, तशी रीतच असते, आणि मॅडमनीही ती मन लावून पाळली होती. वर्षानुवर्षं त्या एका वृद्ध बाईंच्या कोचावर पडून बोलल्या होत्या. आईबद्दल बोलल्या, आईच्या पाठमोऱ्या अंगाबद्दल, तिच्या ओल्या हातांबद्दल, तिने कधी जवळ घेतलं नाही याबद्दल. आईला दोष देणं या धंद्यात फार सोयीचं. आणि बाबा? बाबा म्हणजे धीर, शांतपणा, हळू आवाज. माझ्यात जे काही पेशंटच्या उपयोगी पडतं ते बाबांचं, असं त्या तिथे पडून म्हणाल्या होत्या. आता नवरा भांडी आवरत होता आणि मॅडम अंधाऱ्या गॅलरीत उभ्या राहून ते वाक्य चघळत होत्या. बाबांचंच की. खालचा आवाज बाबांचा. समोर खुर्ची घेऊन बसणं बाबांचं. घाई नाही आपल्याला. किती जणांना आपण हे म्हणालो, आणि किती जणांनी त्या आवाजापुढे हसत हसत संपवलं? समोरच्या इमारतीत कुणीतरी कढई खरवडत होतं. तो आवाज मॅडमच्या दातांत गेला.

आणि मग ती आली. आठवण म्हणतात तशी नव्हे, आठवणीत आपण असतो. इथे कपाट होतं, त्याच्यावर ठेवलेली वळकटी होती, धूळ होती, आणि तिथून खाली सगळं बारीक, स्वच्छ, बिनआवाजाचं दिसत होतं. टेबल. बाबांचं टक्कल, वरून बघताना मधोमध चकाकणारं. ताटली. आणि ताटलीसमोर एक मुलगी चमचा भरत होती, तोंडात घालत होती, गिळत होती आणि बाबांकडे बघून हसत होती. वरच्या मुलीला तिची कणव आली नाही. किळस आली. शी, कसली घाणेरडी आहे ही, ओकलेलं खाते, असं वरच्या मुलीला वाटलं, आणि तिने ठरवलं की ही आपली कोणी नव्हे. तेवढं ठरवलं की झालं. चव नाही, वास नाही, काही नाही. वरची मुलगी तशीच वरच्या वर शाळेत गेली, पहिली आली, शिकली, मॅडम झाली. खालची तिथेच बसली होती इतकी वर्षं, तोंडात घास घेऊन. नकाशेवालीने घशाचं नाव काढलं, तेव्हा हिने जागा बघून तो घास तिच्या तोंडात सारला. मॅडमना दुसरा शब्द सापडेना. आपण आपलं ओकलेलं दुसऱ्याच्या पोरीला भरवलं, चमच्याने, हळू आवाजात, आणि ती रडली तर म्हणालो, छान.

आता सरळ मार्ग काय होता? रविवारच्या आत फोन करायचा आणि सांगायचं, थांबा. नंबर होता. पण तासाबाहेर पेशंटला आपण होऊन फोन करायचा नाही, असा या लोकांचा नियम आहे, आणि घाबरलेल्या माणसाला नियमासारखा आधार नाही. शिवाय कोण सांगतं, नकाशेवालीच्या आईनेही तसंच केलं नसेल कशावरून? शिवाय ती जेवायला लागली होती. गुरुवारी मॅडम सरांना एकट्या गाठून बोलल्या, म्हणजे अर्धंमुर्धं बोलल्या. ताटली माझ्याकडची असावी, असं म्हणाल्या. सर दात कोरत होते. “असेल,” ते म्हणाले. “तुमची आणि तिची एकमेकींना भेटली असेल. म्हणून काही खोटं होत नाही. आपण काही पोलीस नाही हो, झालं की नाही झालं ते बघायला. तिला गुण येतोय ना?” आणि त्यांनी काडीच्या टोकावर निघालेलं काहीतरी निरखून पाहिलं आणि पुन्हा तोंडात घातलं. मॅडमनी मान डोलावली. हसल्यासुद्धा. उतरताना जिन्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण हसलो.

रविवार आला आणि गेला. मॅडमनी फोन उचलला, ठेवला, उचलला, ठेवला. संध्याकाळी नवऱ्याला म्हणाल्या की पोट बिघडलंय, आणि ते खरंच होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर एक म्हातारी होती, कधी न पाहिलेली, कमी ऐकू येणारी, लेकीच्या ओठांकडे बघत कळून घ्यायचा प्रयत्न करणारी. हे काय म्हणतेय ही, असं तिच्या तोंडावर. मुलगा मान खाली घालून बसलेला. आणि रंगवलेली खोली बंद. मॅडम गादीवर पडून छताकडे बघत राहिल्या. उद्या फोन करू, असं त्यांनी ठरवलं. उद्या उशीर झालेला असेल, हे ठरवतानाच माहीत होतं.

मंगळवारी नकाशेवाली वेळेच्या आधीच आली. केस धुतलेले, चेहरा असा हलका की मॅडमनी पहिल्यांदा ओळखलंच नाही. “झालं, मॅडम,” ती बसता बसता म्हणाली. “मी बोलले. भावासमोर बोलले. तो उठून जायला निघाला, म्हणाला, वेड लागलंय हिला. पण आईने त्याला बसवलं. मला जवळ बोलावलं, कानाशी बोल म्हणाली. मी सगळं सांगितलं, ताटलीचं, नाक दाबायचं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, केलं असेन बाई मी. मला आठवत नाही. पण तू म्हणतेस तर केलं असेन. चुकलं माझं. पाया पडायला वाकली हो माझ्या. आई, माझ्या.” नकाशेवालीचा आवाज भरून आला. “मी तिला घेऊन आले घरी. मागच्या खोलीत आहे. दोघी एका टेबलाशी जेवलो. मी संपवलं सगळं.”

आणि मॅडमना काय झालं? आधी सुटल्यासारखं झालं. मग त्याहून वाईट झालं. चुकलं माझं, हे शब्द त्यांच्या आत थेट खाली उतरत गेले, गरम, गोड, जिथे कधी काही उतरलंच नव्हतं तिथपर्यंत. कुणीतरी शेवटी म्हणालं होतं. तो देवमाणूस आता कधी म्हणणार नव्हता, आई पाठ वळवून भांडी घासत होती, ताई शेंगा सोलत होती, पण एक परकी म्हातारी वाकली होती आणि म्हणाली होती. मॅडमना वाटलं, पुन्हा विचारावं हिला, नीट सांग, कशी म्हणाली, कुठल्या शब्दांत म्हणाली. त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर घट्ट झाली. आणि तेवढ्यात त्यांना आपलंच तोंड दिसलं, वरून, कपाटावरून दिसावं तसं: दुसऱ्याच्या ताटातलं चाटूनपुसून खाणारी एक बाई, ओठांवर समजूतदार हसू. एवढी किळस त्यांना ताटलीचीही कधी आली नव्हती. गप्प बसायला काहीच लागत नव्हतं. लेक सुखी, आई सुखी, थोरले सर सुखी. मूग गिळून बसायचं की झालं, आणि गिळायची तर जन्माची सवय होती.

“ते तुमच्या आईने केलेलं नाही,” मॅडम म्हणाल्या. आवाज खालचा नव्हता, सावकाश नव्हता. चिरका निघाला, आपला नसल्यासारखा. “निदान तसं मानायला काही आधार नाही. ताटली माझी होती. निळ्या काठाची. मी तुमच्या जागी मलाच बघितलं आणि तुमच्या गळ्यात घातलं. मला गेल्या मंगळवारीच कळलं होतं. रविवारच्या आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.” नकाशेवाली बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हलकेपण एकदम गेलं नाही. आधी कपाळावरून गेलं, मग गालांवरून, ओठांवर थोडा वेळ राहिलं आणि तिथूनही गेलं. “पण मला दिसतं ते,” ती म्हणाली. “आईचा हात दिसतो. हळद दिसते.” “दिसत असेल,” मॅडम म्हणाल्या. “मी दिलं म्हणून दिसतं.” “मग माझा घसा का बंद व्हायचा?” “मला माहीत नाही. ते आपण कधी बघितलंच नाही.”

नकाशेवाली उठली. मॅडमना वाटलं, आता ही जाणार, आणि गेली तर बरं. पण ती खिडकीशी जाऊन उभी राहिली, पाठमोरी, खाली धुलाईच्या दुकानाकडे बघत. “शी,” ती म्हणाली, अगदी हळू. मग पिशवीतून फोन काढला आणि नंबर लावला. म्हातारीला ऐकू येत नाही म्हणून ती मोठ्याने बोलली, आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी म्हातारीही पलीकडून मोठ्याने बोलली, त्यामुळे खोलीत सगळं ऐकू येत होतं. “आई, ते तू नव्हतं केलंस.” “काय नव्हतं केलं?” “ते ताटलीचं. माझी चूक झाली.” “मला वाटलंच होतं, मला कसं आठवत नाही,” म्हातारी म्हणाली. “मग हो कशाला म्हणालीस?” “अगं, तू इतकी रडत होतीस. मी कुठे नाही म्हणत बसू?” नकाशेवालीने फोन दुसऱ्या हातात घेतला. “मग ते कुणाचं गं?” म्हातारीने विचारलं.

नकाशेवाली वळली. मॅडमकडे तिने बघितलं ते रागानेच बघितलं, आणि त्या रागात किळस उघड होती, लपवायचा प्रयत्नसुद्धा नव्हता. मॅडमनी नजर काढून घेतली नाही. कपाटावर जावंसं वाटत होतं, पाय उचललेलाच होता. त्या खुर्चीतच बसून राहिल्या. “दुसऱ्या एका मुलीचं,” नकाशेवाली फोनमध्ये म्हणाली. “खरंच घडलेलं तिच्या बाबतीत.” “आई गं,” म्हातारी म्हणाली, आणि मग काहीतरी विचारलं, एकदा, आणि उत्तर आलं नाही म्हणून आणखी मोठ्याने पुन्हा एकदा. नकाशेवालीने फोन कानापासून दूर धरला.

“आई विचारतेय,” ती म्हणाली, “आता तरी नीट जेवते का ती.”

मॅडमना त्यांचं नेहमीचं उत्तर येत होतं, वेळ नसतो, पाठ दुखते. जिभेखाली पाणी जमलं. ते त्यांनी गिळलं नाही, टोपलीतला एक कागद उचलून त्यात थुंकलं, नकाशेवालीच्या देखत.

“नाही,” ती खालची मुलगी म्हणाली. “सांगा त्यांना, नाही जेवत.”